पोकरमध्ये पत्ते टाकले म्हणजे डाव सुटला? कॅसिनोचा नियम वाटतो तितका सरळ नाहीये

२०१२ सालची गोष्ट. लास वेगासच्या रिओ हॉटेलात वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट सुरू होता. पोकरच्या दुनियेत या स्पर्धेला वर्ल्ड कपचा मान आहे. प्रवेश फी १०,००० डॉलर, खेळायला उतरलेले ६,५९८ जण आणि विजेत्याला मिळणार होते ८५ लाख डॉलरहून जास्त.

एका डावात फ्रान्सच्या गाएल बाउमनने रेझ केलं. हंगेरीच्या अँड्राश कोरोकनाईने त्यावर आपल्या सगळ्या चिप्स लावल्या, म्हणजे तो ऑल-इन गेला. पुढचे खेळाडू एकेक करत डावातून बाहेर पडले. कोरोकनाईला वाटलं सगळ्यांनीच सोडलं, डाव आपला. त्याने निवांतपणे आपले पत्ते डीलरकडे सरकवले आणि ते टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात गेले.

पण बाउमनचे पत्ते अजून तिच्यासमोरच होते. तिने काही सोडलं नव्हतं, तिचा निर्णय बाकी होता.

आता एकाच्या सगळ्या चिप्स डावावर आहेत आणि हातात पत्तेच नाहीत. दुसरीकडे पत्ते आहेत, पण तिने अजून 'कॉल' म्हटलेलं नाही. मग चिप्स कुणाच्या? त्या टेबलवर काय निर्णय झाला ते सांगतो, पण तो समजायला आधी एक साधा वाटणारा प्रश्न सोडवावा लागेल. पोकरमध्ये डाव नेमका कधी सुटतो? तोंडाने म्हटलं की, पत्ते हातातून सुटले की, पत्ते ढिगाला लागले की, की डीलरने उचलले की?

आधी शब्द समजून घेऊ

ज्यांनी दिवाळीत किंवा गटारीला तीन पत्ती खेळली आहे, त्यांना 'पॅक' हा शब्द माहिती असणार. पोकरमधला फोल्ड म्हणजे तोच पॅक. पत्ते खाली टाकायचे आणि तोवर लावलेल्या पैशांवर पाणी सोडायचं.

कॅसिनोत सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे मिळतात आणि टेबलच्या मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडले जातात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातमधून ज्याचे पाच पत्ते सगळ्यात भारी तो जिंकला. मध्ये बोली लावायच्या चार फेऱ्या होतात. समोरच्याने बेट लावली असेल तर तुम्ही तेवढीच लावता (कॉल), वाढवता (रेझ) किंवा सोडता (फोल्ड). कुणीच बेट लावली नसेल तर फुकटात पुढे जाता येतं, त्याला चेक म्हणतात. त्यासाठी टेबलवर बोटांनी टकटक केलं तरी चालतं. शेवटच्या फेरीनंतर एकापेक्षा जास्त जण उरले तर पत्ते दाखवायची वेळ येते, तो शोडाऊन.

आणखी दोन शब्द लागतील. टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगाला 'मक' म्हणतात. आणि भांडण झालं की ज्या सुपरवायझरला हाक मारतात तो 'फ्लोअर'. क्रिकेटमध्ये थर्ड अंपायरचं जे काम, ते इथे फ्लोअरचं. फक्त याच्याकडे बऱ्याचदा रिप्ले नसतो.

नियम कुणाचे? जगभरच्या स्पर्धांमध्ये साधारणपणे टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशनची म्हणजे टीडीएची नियमावली वापरतात. ही संघटना २००१ साली सुरू झाली. रोजच्या रोख पैशांच्या टेबलवर, ज्याला कॅश गेम म्हणतात, प्रत्येक कॅसिनोचे स्वतःचे नियम असतात आणि त्यातले बरेचसे बॉब सियाफोन यांनी जमवलेल्या 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर' या नियमावलीशी जुळतात. या दोन्हींत काही ठिकाणी फरक आहे, ते येईलच.

बोली सुरू असताना

इथे नियम कडक आहेत. समोर बेट आहे, तुमची पाळी आहे आणि तुम्ही 'फोल्ड' म्हणालात, तर विषय संपला. पत्ते अजून तुमच्या हाताखाली असले तरी तो डाव मेला. 'अरे मस्करी करत होतो' हे चालत नाही. पाळी आल्यावर तोंडातून निघालेला शब्द पोकरमध्ये बांधील असतो.

न बोलता पत्ते पुढे ढकलले तरी तेच. रॉबर्ट्स रूल्समध्ये यासाठी एक छान कसोटी आहे. तुम्ही पत्ते पुढच्या दिशेने टाकले आणि ते बघून तुमच्यानंतरच्या खेळाडूने आपली चाल केली, तर तुमचा डाव मेला, समोर बेट असो वा नसो. म्हणजे तुमच्या मनात काय होतं हे कुणी विचारत नाही. तुमच्या हालचालीवर दुसरा विसंबला का, एवढंच बघितलं जातं.

हे असं का, ते समजायला टेबलवरची एक जुनी चलाखी बघा. खेळाडू पत्ते उचलून फेकल्यासारखं करतो, दोन इंच पुढे नेतो आणि थांबतो. शेजारच्याला वाटतं हा गेला, म्हणून तो घाईघाईने आपले पत्ते दाखवतो किंवा बेट लावतो. मग हा म्हणतो, 'मी कुठे सोडलं?' नियमाच्या फटीत बोट घालून फायदा काढणाऱ्या अशा खेळाडूंना पोकरच्या भाषेत अँगल शूटर म्हणतात. टेबलवर यांना कुणी चहा विचारत नाही.

काही कॅसिनोंच्या टेबलवर कापडावर एक रेषा छापलेली असते. चिप्स किंवा पत्ते रेषेपलीकडे गेले की निर्णय झाला, असं काही ठिकाणी मानतात. काही ठिकाणी ती रेषा फक्त डीलरचा हात कुठपर्यंत पोचतो हे दाखवायला असते, तिला नियमाचं वजन नसतं. दिसायला दोन्ही रेषा सारख्याच, त्यामुळे नव्या जागी बसण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

आता एक प्रकार जो नवख्या लोकांकडून हमखास होतो. मधले तीन पत्ते उघडले, कुणी बेट लावली नाही, तुमची पाळी आली. पत्ते भंगार आहेत म्हणून तुम्ही वैतागून टाकून दिले. फुकटात चेक करता आलं असतं, तरीही टाकले. टीडीएच्या नियमात हा फोल्ड पक्का धरला जातो आणि वर दंडही होऊ शकतो. दंड म्हणजे पैसे नव्हे, काही डाव बाहेर बसवणं वगैरे.

स्वतःचंच नुकसान करणाऱ्याला पुन्हा शिक्षा कशाला, असं पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं. पण टेबलवर तुम्ही एकटे नसता. समजा तिघं उरले होते. तुमच्या नंतरच्या खेळाडूला आता दोघांऐवजी एकालाच घाबरवायचंय, त्याचं काम अर्ध्यावर आलं. तिसऱ्याचा हिशोब मात्र दोन प्रतिस्पर्धी धरून होता. तुमच्या वैतागाचा फायदा एकाला आणि तोटा दुसऱ्याला झाला.

पाळी नसताना पत्ते टाकले तर? तेही बांधील. गंमत अशी की पाळी नसताना लावलेली बेट मात्र परत मिळू शकते. तुम्ही घाईत आधीच बेट लावली आणि ज्याची खरी पाळी होती त्याने नवी बेट किंवा रेझ केलं, तर परिस्थिती बदलली म्हणून टीडीएच्या नियमात तुमच्या चिप्स परत येतात आणि तुम्ही नव्याने ठरवता. फोल्डला ही सवलत नाही. चिप्स उचलून परत देता येतात, पण तुम्ही डावात नाही हे टेबलला कळलं की ते परत घेता येत नाही.

आणि पत्ते उघडे पडले तर? बोली चालू असताना चुकून किंवा मुद्दाम आपले पत्ते सुलटे दाखवले, तर अनेकांना वाटतं डाव बाद. तसं नाहीये. टीडीएच्या नियमात दंड होऊ शकतो, पण डाव जिवंत राहतो. तुम्ही उघड्या पत्त्यांनी खेळायचं, समोरचे बघून खेळणार.

शोडाऊन : इथे सगळं उलटं होतं

बोली संपली, आता फक्त पत्ते दाखवायचेत. सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, कारण बोलीच्या वेळचे कडक नियम इथे सैल पडतात आणि अनेक खेळाडूंना हे माहितीच नसतं.

एक उदाहरण घेऊ. मध्ये पाच पत्ते आहेत, त्यातले तीन बदामाचे आणि एक राजा. तुमच्याकडे आणखी दोन राजे, म्हणजे तीन राजे झाले. शेवटची बेट लागली, तुम्ही कॉल केलं. समोरचा ठसक्यात म्हणतो, 'फ्लश'. म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, तीन राजांपेक्षा भारी. तुम्ही सुस्कारा सोडून पत्ते उपडेच पुढे सरकवता. आणि मग तो आपले पत्ते उघडतो. एक बदाम, एक इस्पिक. बदामाचे चारच झाले, फ्लश कसला? हातात आहे फक्त एक जोडी.

डाव कुणाचा?

टीडीएचा नियम सांगतो की शोडाऊनला पत्ते उपडे टाकले म्हणून ते आपोआप मरत नाहीत. ते कोणाचे हे शंभर टक्के ओळखता येत असेल आणि ते परत घेता येत असतील, तर खेळाडू विचार बदलून ते उघडू शकतो. पत्ते मरतात ते डीलरने ढिगात ढकलल्यावर, किंवा ते ओळखता-उचलता येण्यापलीकडे गेल्यावर. म्हणजे तुमचे दोन राजे अजून कापडावर एकटे पडलेले असतील तर हात पुढे करा, उलटवा, पैसे तुमचे. डीलरचा हात तुमच्या आधी पोचला असेल तर पैसे त्या खोट्या फ्लशवाल्याचे. पाच-सात सेकंदांचा फरक.

तोंडाने 'फ्लश' म्हटलं त्याचं काय? शोडाऊनला तोंडी दाव्याला किंमत नाही, टेबलवर उघडलेले पत्ते जे सांगतील ते खरं. मुद्दाम खोटं सांगितलं असं फ्लोअरला वाटलं तर त्या खेळाडूला दंड होऊ शकतो. पण दंड झाला म्हणून तुमचे मेलेले पत्ते जिवंत होतातच असं नाही. मला हा भाग जरा अन्यायाचा वाटतो. रॉबर्ट्स रूल्स इथे थोडे मवाळ आहेत. त्यात म्हटलंय की ढिगात गेलेले पत्तेही स्पष्ट ओळखता येत असतील आणि खेळाच्या हिताचं असेल तर व्यवस्थापन ते परत देऊ शकतं, आणि खेळाडूने चुकीच्या माहितीवरून पत्ते टाकले असतील तर ते वाचवायचा जास्तीचा प्रयत्न करावा.

मग 'पत्ता ढिगाला शिवला की मेला' हे जे सगळीकडे ऐकायला मिळतं ते कुठून आलं? अनेक कॅसिनोंचा तो घरचा नियम आहे, आणि तो सोयीचा आहे, कारण वाद घालायला जागाच उरत नाही. पण त्याला सार्वत्रिक नियम समजू नका. पत्त्याचं टोक ढिगाला लागलंय पण दोन्ही पत्ते स्पष्ट वेगळे दिसतायत, अशा वेळी एका कॅसिनोत डाव मेला आणि दुसऱ्यात जिवंत, असं होऊ शकतं.

जिंकायचं असेल तर दोन्ही पत्ते दाखवावे लागतात हेही अनेक जण विसरतात. एकच एक्का ऐटीत टेबलवर आपटला, समोरच्याने मान डोलावली, तुम्ही दुसरा पत्ता ढिगात भिरकावला. आता डीलरने दोन्ही पत्ते वाचलेलेच नाहीत. टीडीएच्या शब्दांत पत्ते 'टेबल' करणं म्हणजे सगळे पत्ते सुलटे ठेवणं आणि डीलरला ते नीट वाचू देणं. ते न करता जिंकलो समजून पत्ते सोडले तर जबाबदारी तुमची.

याचा सगळ्यात दुःखद प्रकार असा. मध्ये उघडलेले पाच पत्तेच दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का असे ओळीने आले, आणि फ्लश कुणाचाच होऊ शकत नाहीये. म्हणजे उरलेल्या सगळ्यांचा डाव सारखाच, पैसे समान वाटायचे. तुमच्या हातात दुर्री आणि सत्ती. तुम्ही म्हणता, काय दाखवायचं, आणि पत्ते ढिगात टाकता. वाट्याचा हक्क गेला. मधले पत्ते सगळ्यांचे असले तरी आपला वाटा मागायला हातातले दोन्ही पत्ते उघडावेच लागतात. दुर्री-सत्ती दाखवायला लाज वाटली म्हणून अर्धे पैसे सोडून दिल्यासारखं झालं.

दोघांनाही दाखवायचं नसेल तर? पहिला खेळाडू फसवत होता, त्याने कॉल झाल्यावर पत्ते उपडेच फेकले. दुसऱ्याने तोवर पत्ते धरून ठेवले, तर तो काहीही न दाखवता जिंकतो. टीडीएचा नियम स्पष्ट आहे. बाकी सगळ्यांनी न दाखवता पत्ते टाकले तर ज्याच्याकडे शेवटी जिवंत पत्ते उरले तो पैसे घेतो, त्याला ते दाखवायची सक्ती नाही. त्यामुळे जुने खेळाडू समोरच्याचे पत्ते डीलरने घेतलेले दिसेपर्यंत आपल्यावरचा हात काढत नाहीत. कधीकधी दोघेही एकमेकांकडे बघत बसतात, मग डीलरला सांगावं लागतं की आधी कुणी दाखवायचं. शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट किंवा रेझ केलं तो आधी. त्या फेरीत कुणीच बेट लावली नसेल तर बटनच्या, म्हणजे त्या डावात ज्याच्यासमोर 'डीलर' लिहिलेली चकती आहे त्याच्या, डावीकडचा पहिला.

उलट बाजूला खेळाडूला संरक्षण देणारा नियमही आहे. तुम्ही पत्ते नीट उघडले आणि ते उघडपणे जिंकणारे आहेत, तर डीलर चुकून ते मारू शकत नाही. तुम्हाला स्वतःला कळलं नसेल की आपला डाव बसलाय, तरी चालेल. म्हणून हरलोय असं वाटत असतानाही पत्ते उघडून ठेवायची सवय फायद्याची. डीलर वाचेल, शेजारचा वाचेल, कुणीतरी बोलेल.

रॉबर्ट्स रूल्समधली आणखी एक तरतूद मला फार आवडते. शोडाऊनपर्यंत पोचलेल्या खेळाडूचे टाकलेले पत्ते बघायची मागणी टेबलवरचा कुणीही करू शकतो. दोन खेळाडूंची मिलीभगत पकडायला ही सोय आहे, आणि तिचा गैरवापर केला तर काढूनही घेतात. तिसऱ्याच कुणी मागणी केली तर ते पत्ते मेलेलेच राहतात, फक्त बघायला मिळतात. पण जिंकलेल्यानेच उत्सुकतेपोटी 'दाखव की तुझे' म्हटलं, तर दोघांचेही पत्ते जिवंत धरतात. आणि त्या टाकलेल्या पत्त्यांचा डाव भारी निघाला तर पैसे त्याला जातात! नको तिथे नाक खुपसल्याची किंमत इतकी रोखठोक क्वचितच कुठे मोजावी लागत असेल.

स्पर्धेत मात्र एका परिस्थितीत पत्ते लपवायचा प्रश्नच नसतो. कुणी ऑल-इन असेल आणि बाकीच्यांची बोली संपली असेल, तर सगळ्यांनी लगेच पत्ते सुलटे करायचे. नाहीतर एक मित्र मुद्दाम हरून दुसऱ्याला चिप्स देऊ शकला असता आणि पत्ते कुणाला दिसलेच नसते.

डीलरने चूक केली तर

तुम्ही काही केलं नाही, पण डीलरने तुमचे पत्ते टाकलेले समजून ओढून घेतले तर? वाटतं की चूक कॅसिनोची, भरपाई कॅसिनोने द्यावी. तसं होत नाही. दोन्ही नियमावल्या सांगतात की आपले पत्ते सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी. पत्ते ढिगात मिसळले आणि खात्रीने ओळखता येत नसतील, तर दाद मागता येत नाही आणि कॉल झालेले पैसे परत मिळत नाहीत.

२००९ च्या मेन इव्हेंटमध्ये हे फ्रान्सची टीव्ही निवेदिका एस्टेल डेनिस हिच्या बाबतीत झालं. तिच्या हातात दोन एक्के होते, होल्डेममधली सगळ्यात भारी सुरुवात. समोर होता जे. सी. ट्रॅनसारखा मुरलेला खेळाडू. आणि डीलरने तिचे पत्ते चुकून ढिगात ओढले. दोन एक्के साधारण २२१ डावांत एकदा येतात.

म्हणून खेळाडू पत्त्यांवर काहीतरी ठेवतात. एक चिप पुरते, पण हौशी लोक खास वस्तू बाळगतात. २००४ चा विजेता ग्रेग रेमर पत्त्यांवर जीवाश्म ठेवायचा, त्यावरून त्याचं टोपणनावच 'फॉसिलमॅन' पडलं. डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या हाताला बसणाऱ्यांना याची सगळ्यात जास्त गरज, कारण डीलरचा हात तिथूनच सारखा फिरत असतो.

आता कोरोकनाईकडे येऊ. त्याचे पत्ते ढिगात गेले, ओळखता येण्यासारखे उरले नाहीत, म्हणून त्याचा डाव मेला. यात वाद नव्हता. प्रश्न होता चिप्सचा. नियमात एक सवलत आहे. तुम्ही बेट किंवा रेझ केलं असेल आणि ते अजून कुणी कॉल केलं नसेल, तर ती कॉल न झालेली रक्कम परत मिळते. बाउमनने ऑल-इनला अजून उत्तर दिलं नव्हतं. त्यामुळे कोरोकनाईला तिच्या आधीच्या रेझएवढ्याच चिप्स द्याव्या लागल्या, बाकीचा सगळा ढीग त्याच्याकडे परत आला.

नियमाच्या अक्षराला धरून निर्णय बरोबर होता. पण खूप जणांना तो पचला नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं लावलं होतं आणि पत्तेही स्वतःच्या हाताने टाकले होते, डीलरची चूक नव्हती. बाउमन कॉल करू शकली असती, पण पत्ते नसलेल्या माणसाविरुद्ध कॉल करून सगळ्या चिप्स घेणं तरी न्यायाचं झालं असतं का? मला विचाराल तर ही सवलत डीलरच्या चुकीने पत्ते गमावलेल्यांसाठी शोभते, स्वतः घाई करणाऱ्यासाठी तितकीशी नाही. नंतर वर्ल्ड सिरीजच्या नियमावलीत याच प्रसंगाची तरतूद आली. ऑल-इन गेलेल्या खेळाडूने जिंकलो समजून पत्ते टाकले, तर त्याला त्या डावातल्या किंवा अगदी सगळ्या चिप्सही गमवाव्या लागू शकतात.

त्या स्पर्धेत पुढे काय झालं? फायनल टेबलवर नऊ जण जातात. कोरोकनाई तिथे पोचला आणि सहावा आला. बाउमन दहावी आली. एका खुर्चीने फायनल टेबल हुकलं.

घड्याळ आणि खुर्ची

काही वेळा तुम्ही काहीच न करता डाव मरतो. कुणी फार वेळ विचार करत बसलं तर त्याच्यावर 'क्लॉक' मागता येतं. टीडीएच्या सध्याच्या पद्धतीत २५ सेकंद आणि वर ५ सेकंदांची उलटी मोजणी मिळते. वेळ संपली आणि समोर बेट असेल तर पत्ते मेले. समोर बेट नसेल तर ते चेक धरलं जातं.

स्पर्धेत खुर्चीचाही नियम आहे. पहिल्या वाटपाचा शेवटचा पत्ता पडतो तेव्हा तुम्ही तुमच्या खुर्चीपाशी, हात पोचेल एवढ्या अंतरावर हवं. नसाल तर तुमचे पत्ते तिथेच मारले जातात. तुम्ही धावत येऊन बघूही शकत नाही.

आपल्याकडे

घरच्या तीन पत्तीत यातलं काही लागत नाही. 'पॅक' म्हणून पत्ते टाकले आणि नंतर कळलं की डाव आपला होता, तर थोडी आरडाओरड होते, एखादा काका निर्णय देतो आणि पुढचा डाव पिसला जातो. कॅसिनोत तो काका म्हणजे फ्लोअर, आणि त्याचा निर्णय अंतिम.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली त्यासाठी एक कायदा झाला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात नंतर दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत मशीनच्या खेळांना आणि मग समुद्री जहाजांवर टेबलच्या खेळांना वाट मिळाली. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी त्यातूनच आल्या, आणि पोकरच्या मोठ्या स्पर्धाही तिथे झाल्या आहेत. प्रवेशाला वय २१ पूर्ण लागतं.

ऑनलाइन पोकरमध्ये हा सगळा गोंधळ नव्हता. फोल्डचं बटण दाबलं की फोल्ड, आणि पाळी नसताना चाल होतच नाही. वाद व्हायचा तो इंटरनेट गेल्यावर, कारण वेळ संपली की सॉफ्टवेअर स्वतःच पत्ते टाकून मोकळं होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली, तेव्हा पैशांसाठीचं ते बटणही गेलं.

गोव्यात किंवा परदेशात कुठेही खऱ्या टेबलवर बसणार असाल तर पहिल्या डावाआधी डीलरला दोन गोष्टी विचारा. कापडावरची रेषा मोजतात का, आणि पत्ता ढिगाला लागला तर मेला धरतात का. डीलरला या प्रश्नांची सवय असते, आणि उत्तर दर ठिकाणी वेगळं मिळू शकतं.